भिंतीपलीकडची जाई

रवि. १४ फेब्रु. ९९
भिंत झाली. ह्यांनी आणि भावजींनी मिळून टेप धरली, मिळून चहा प्यायले. वाटणी होऊनही भांडण नाही म्हणून गल्लीत दोघा भावांचं कौतुक. फक्त माझी जाई धाकट्या जावेच्या, शोभाच्या बाजूला गेली. भावजी म्हणाले, "झाड ज्येच्या जागेत त्येचं." हे मान डोलावून मोकळे. माझ्या पहिल्या दिवाळसणाला आईनं दाबकलम करून दिलेली. गडहिंग्लजहून एस.टी.त मांडीवर घेऊन आले होते. वीस वर्षं पाणी मी घातलं. शोभाला या घरात येऊन सहा वर्षं झाली. मला एका शब्दानं कुणी विचारलं नाही.

रवि. २८ फेब्रु.
हे म्हणतात, "दुसरी लाव की एखादी. येलींना काय तोटा हाय?" म्हणून नर्सरीत. मधुमालती नको, शाळेच्या संडासावर तीच आहे, रोज बघते. कृष्णकमळाला सुरवंट. गारवेल उकिरड्यावरही येते, ती पैसे देऊन कशाला? नर्सरीवाला म्हणाला, "बाई, जाई न्या की. जाई ती जाईच." रोप हातात घेतलं, परत ठेवलं. त्याच भिंतीशी विकतची जाई लावायची आणि शोभाला हसायला जागा द्यायची?
रिकाम्या हातानं घरी. हे चिडले.

३ मार्च
भावाला फोन. आईची मूळ वेल आहे का अजून? "ती व्हय? तिथं आता गाडीची शेड हाय ताई." म्हणजे जी काय उरली ती भिंतीपलीकडं.

रवि. ६ जून
बोगनवेल लावली. जांभळी, चांगली काटेरी. "काटं कशाला दारात?" हे. म्हटलं, वाकून बघणाऱ्यांसाठी. शोभा पलीकडं कपडे वाळत घालत होती. ऐकू दे.

रवि. ११ जुलै
जाई भिंत चढून इकडं आली. शोभा रोज फांद्या ओढून तिकडं बांधते. एक राहिली. दुपारी ती झोपल्यावर बोगनवेलीच्या आड कुंडी ठेवली, फांदीची साल खरवडून मातीत दाबली, वर दगड. वय ४३, शाळेत पोरींना 'चोरी करू नये' शिकवते. लाज? नाही वाटली.
दोन-अडीच महिने मूळ वेलीपासून तोडायची नाही. आई असंच दाबकलम करायची.

रवि. २९ ऑगस्ट
माती उकरून पाहिली. पांढरं मूळ! एकच, दोऱ्याएवढं. ह्यांना सांगितलं नाही. अजून तीन आठवडे तरी...

१४ सप्टें.
गौरी तोंडावर. शोभा गजऱ्यासाठी फुलं काढत होती. फांदी येईना म्हणून हिसका दिला. कुंडी पालथी, फांदी मुळासकट पलीकडं. ती भिंतीवरून डोकावली. दंडाला काटे लागले तरी हलली नाही. कुंडी बघितली, दगड बघितला, मला बघितलं.
"अक्का, मागितली असती तर दिली नसती व्हय मी?"
मागायची. माझ्या आईनं मला दिलेली जाई हिच्याकडं मागायची! त्याहून वाईट म्हणजे ती खोटं बोलत नव्हती. दिली असती तिनं.

१७ सप्टें.
काल हळदीकुंकवाला आली तेव्हा शोभानं ती फांदी पत्र्याच्या डब्यात लावून आणली. डब्याला हळदकुंकू. माझ्या कट्ट्यावर ठेवली आणि माझ्या पाया पडली. हे म्हणाले, "बघ, मनानं चांगली हाय की." हो. सगळेच मनानं चांगले. टेप धरली त्या दिवशीही चांगलेच होते.
पाणी घातलं म्हणजे तिनं दिली आणि मी घेतली. नाही घातलं तर आईची...
दुपारपासून पानांनी माना टाकल्यात. पाऊस नेमका उघडलाय. तांब्या भरून उंबऱ्यावर ठेवलाय. अजून तिथंच आहे.