लिग्नोकेनची तक्रार

अहिल्याबाई घाट, वाराणसी
७ मार्च २०१९

श्री. उल्हासभावोजी यांस,
कालिंदीचा नमस्कार.

तुम्ही पाठवलेल्या तक्रारअर्जावर सही करण्याची मुदत आज संपते, आणि फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून लिहिते. सौ. इंदूचा खोकला थांबला असेल. येथे ऊन चढू लागले आहे.

तुमचे म्हणणे असे की रुग्णवाहिकेवरच्या गोपीनाथने तुमच्या दादांना हृदयाचे ठोके ताळ्यावर आणणारे अमिओडॅरोन द्यायला हवे होते. त्याने त्याच कामाचे जुने, स्वस्त लिग्नोकेन दिले म्हणून ते गेले. या अर्जाने त्याची नोकरी जाईल. रामनगरला त्याच्या घरी खाणारी पाच माणसे आहेत, पण ते कारण मी धरत नाही.

संशय मलाही होता. पलंगाखालच्या रिकाम्या कुप्या मी त्याच दिवशी वेचून ठेवल्या. तीन अ‍ॅड्रिनॅलिनच्या, एक लिग्नोकेनची. जन्मभर रसायनशास्त्र शिकवले, नुसत्या नावावर विश्वास ठेवत नाही, मुदतही पाहिली. ठीक होती. मग या औषधांवरचे शोधनिबंध मागवून वाचले. परदेशात रुग्णवाहिकांमधूनच तीन हजारांवर माणसांवर तुलना झाली आहे. कोणाला अमिओडॅरोन, कोणाला लिग्नोकेन, कोणाला नुसते मिठाचे पाणी. जिवंत घरी परतण्यात त्या दोन औषधांत म्हणण्यासारखे अंतर निघाले नाही.

मग तुमचाच संशय आला. अकरा वर्षांत दादांकडे दोन दिवस राहायला न आलेला माणूस एका इंजेक्शनसाठी इतका का पेटतो? रागावू नका. उत्तर मला माझ्यावरूनच कळले.

गोपीनाथने भरलेल्या कागदाची प्रत मिळवली. सगळे मिनिटांसह लिहिलेले. फक्त 'तोंड व घसा' हा रकाना कोरा. तिथे काय लिहायला हवे होते, हे मला ठाऊक होते.

दादा सकाळी चहा घेताना कोसळले. मी रुग्णवाहिकेसाठी फोन लावला. तिथली मुलगी सांगत होती, "माताजी, छाती दबाइए, रुकिए मत!" मी फोन खाटेवर ठेवला आणि देवघरातला तांब्या आणला. काशीत राहून गंगाजळाविना जायला नको, असे ते नेहमी म्हणत. त्यांच्या तोंडात पाणी घातले, वर तुळशीचे पान ठेवले. गाडी आमच्या गल्लीत शिरत नाही. गोपीनाथ चौकातून पिशवी घेऊन धावत आला. फोनपासून सात मिनिटे. तेवढ्यात मी छातीला हात लावला नाही. ते गेले, हे मीच ठरवून टाकले होते.

त्याने आधी मान वळवून पाणी काढले, मग बोटाने पान. "माताजी, ये किसने डाला?"

"आप पहले इंजेक्शन दीजिए," मी म्हटले.

परवा त्याला गाठून विचारले, तो रकाना का सोडला?

"लिख देता तो आप रोज़ पढ़तीं."

"दया करने को किसने कहा था?" मी दटावले. त्याने मला गल्लीच्या तोंडापर्यंत पोहोचवले.

हे पत्र पेटीत टाकण्याआधी चौकशी कार्यालयात पुढील वस्तू दिल्या, पोच घेतली:

रिकाम्या कुप्या, चार.
तुमचा तक्रारअर्ज, एक, सहीविना.
त्या सात मिनिटांचे माझे निवेदन, दोन पाने, सहीसह.

तांब्याही नेला होता. तो त्यांनी ठेवून घेतला नाही.

तुमची वहिनी,
कालिंदी