अब्बा, तुमची गाडी मिस मारत होती

प्रिय अब्बा,

सलाम. आत्ताच पेणहून आले. गाडी अंगणात लावलीय, बॉनेट अजून तापलेलं आहे आणि माझे हात मात्र गार पडलेत. तुमचा लेक इमरान मस्कतहून सुट्टीवर आला की तुमच्या कबरीवर जाऊन बसतो, मनातलं बोलून येतो. आपल्याकडे बायका कबरस्तानात जात नाहीत, मग मी कुठे जायचं? म्हणून कागद घेतला. काय झालं ते ओळीनं सांगते, आणि यावेळी मध्ये बोलू नका! मी दोन वाक्यं बोलले की ‘ते राहू दे, आधी सांग, आवाज कसा येत होता?’ ही तुमची खोड मला माहीत आहे.

ईदनंतरची गोष्ट. अम्मीला घेऊन पेणला निघाले होते, रामवाडीला, आपल्या सलमाच्या सासरी. तिला दिवस गेले हे तुम्हाला कळायचं राहूनच गेलं. तिचे दिवस भरत आले होते आणि अम्मीचा जीव तिच्यात अडकला होता. कोलाड सोडलं आणि हायवेच्या कामाच्या त्या डायव्हर्जनवर पुढे केमिकलचा टँकर आला, नुसता रांगत होता.

तुम्हीच शिकवलंत ना? ‘ओव्हरटेक रडतखडत करायचा नाय. तिसऱ्या गिअरात टाक, पाय दाब, मोकळी हो.’ तिसऱ्यात टाकली. पाय दाबला. आणि गाडी भक्-भक्-भक् करून जागीच लटकली! समोरून एसटी, डाव्या हाताला टँकरची चाकं, माझा पाय पार खाली टेकलेला आणि तुमच्या त्या पळणाऱ्या गाडीची बैलगाडी झालेली. कशी मागे घेतली, कशी टँकरच्या पाठी घुसवली, मला आठवत नाही. एसटीच्या ड्रायव्हरनं जाताना ज्या शिव्या घातल्या त्या सगळ्या मला लागू होत्या.

शेजारी अम्मीच्या हातातली तस्बीहची माळ थांबली होती. पेणपर्यंत मी त्या टँकरचा धूर खात गेले.

रामवाडीच्या गॅरेजवाल्याला दाखवली. भला माणूस, तुमचं नाव ऐकून आधी चहा मागवला. इंजिन तपासायचं मशीन लावलं, त्यात काही निघालं नाही. फेरी मारून आला, तर ही बया सुतासारखी सरळ! म्हणाला, ‘ताई, आत्ता काय दिसत नाय. परत ठोका चुकवून मिस मारली की लगेच घेऊन या.’ परत मिस मारली की? म्हणजे मी आधी टँकरखाली जाऊ आणि मग तिथून उठून गॅरेजला येऊ, असं तोंडावर आलं होतं. त्याचा चहा प्यायले होते म्हणून बोलले नाही.

अब्बा, मी फार घाबरले हो. गाडी घरी आणून लावली आणि धाटावला कामावर जायला कंपनीची बस धरली. खिळ्यावरची चावी दिसली तरी तोंड फिरवायचे. त्याहून वाईट म्हणजे मला वाटायला लागलं, गाडीत काही नाहीच, खोट माझ्या पायात आहे. तुमच्या हाताखाली कधी अडली ती? मी अम्मीला मारलं असतं, हे एकच वाक्य डोक्यात फिरत राहायचं. भाकरी तव्यावर टाकली तरी तेच.

इमरानचा मस्कतहून फोन आला. ‘भंगारात दे. अम्मीला त्या डब्यात बसवू नकोस.’ अम्मी तर तिला पहिल्यापासून सवत म्हणते! तुम्ही मस्कतची गॅरेजची नोकरी सोडून आलात आणि मुंबईहून ही जुनी लाल गाडी घेऊन दारात उभे राहिलात, त्या दिवसापासून. पण यावेळी ती सवतीबद्दल अवाक्षर बोलली नाही, आणि मला त्याचीच जास्त धास्ती वाटली.

तुमचा रागही आला, सांगूनच टाकते. इंजिनानं एक ठोका चुकवला तर जेवणावरून उठायचात. आणि स्वतःच्या छातीत कळ आली तर म्हणे ‘गॅस हाय, सोडा आण!’ असं करतात का हो?

मग परवाच्या रविवारी गाडी जरा सावलीत घ्यावी म्हणून चालू केली, तर उभ्या जागी थरथरायला लागली, ताप भरल्यासारखी. बॉनेट उघडलं आणि नुसती बघत राहिले. कुठे हात घालायचा? तेवढ्यात अम्मी स्वयंपाकघरातून आली. हाताला खवलेलं खोबरं तसंच. ओढणी खोचली, सरळ ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली आणि ओरडली, ‘बघतेस काय गो? चार वायरी हायत ना, एकेक काढ नि लाव. मी रेस धरते.’

अब्बा, मी विसरलेच होते! तुमचं डोकं कायम बॉनेटखाली आणि तिथून हुकूम, ‘रेस दे गो! अजून थोडी! बस्स, धर!’ आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय नेहमी अम्मीचाच. गाडी फाटकाबाहेर काढता येत नाही तिला, पण रेस अशी धरते की काटा हलायचा नाही.

पहिल्या प्लगला ठिणगी देणाऱ्या कॉइलची वायर काढली, इंजिन गचके खायला लागलं. लावली. दुसरी काढली, तेच. तिसरी काढली, आणि काहीच नाही. आवाजात तसूभर फरक नाही. ‘हीच ती!’ अम्मी आतून ओरडली, ‘ही मेलेली हाय! काढलीस तरी गाडीला पत्ता नाय!’ मला एकदम रडू आलं. तुम्ही गेल्यापासून हे घर कसले गचके खातंय, तुम्हाला काय सांगू.

कॉइल उपसून बाहेर काढली. खाली प्लगच्या खड्ड्यात गंजाचं लाल पाणी! कॉइलच्या रबराला चीर गेलेली. तुम्ही ओल्या फडक्यापलीकडे काही लावू दिलं नाहीत तिथे. आणि आपल्या इमरानसाहेबांनी सुट्टीवर आल्यावर ईदच्या नमाजाला गाडी चकाचक पाहिजे म्हणून वॉशिंग सेंटरवर बॉनेट उघडून प्रेशरचा पाइप मारून आणला होता! ठिणगी आत पडायची ती पाण्यातून बाजूलाच पळत होती, आणि पाय दाबला की जास्तच.

फोन केला त्याला. सगळं ऐकून म्हणाला, ‘म्हणजे अम्मी त्या दिवशी माझ्यामुळं...?’ मी म्हटलं, गप रे, पाण्यामुळं.

रामवाडीच्या गॅरेजवाल्यानं नवी कॉइल आणि प्लग इकडे येणाऱ्या एका एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवला. खड्डा कोरडा केला, दोन्ही बसवलं. गाडी गोड चालली. पण अंगणात काय, सगळ्याच गाड्या शहाण्या असतात. रस्त्यावर न्यायची माझी छाती झाली नाही.

आणि आज सकाळी पेणहून फोन आला. सलमाला दवाखान्यात नेलंय, कळा सुरू झाल्यात, अम्मी अम्मी करतेय. मी म्हटलं रिक्षानं कोलाडला जाऊ, तिथून मिळेल ती बस धरू. मागे वळून बघते तर अम्मी गाडीत बसलेली.

‘अम्मी, मी अजून रस्त्यावर नेली नाय ती.’

‘मग आज ने.’

कोलाडपर्यंत मी दुसऱ्या गिअरच्या वर गेलेच नाही. पुढे तेच डायव्हर्जन, आणि समोर टँकर. तोच की दुसरा, देव जाणे, मला आता सगळे सारखेच दिसतात. मी आपली मागे मागे. पेणहून परत फोन वाजला. समोर रस्ता लांबवर मोकळा होता, मला दिसत होता. तिसऱ्यात टाकली, पण पाय दगडाचा झाला. हलेचना! अम्मीनं एक हात डॅशबोर्डवर टेकवला, दुसऱ्या मुठीत तस्बीह, आणि नजर समोर ठेवून अगदी तुमच्या सुरात ओरडली,

‘रेस दे गो!’

दिली. अल्लाह, काय निघाली ती! एक ठोका चुकला नाही. टँकर आरशात गेला तेव्हा कुठे मी श्वास सोडला. अम्मी डोळे पुसत म्हणाली, ‘सवत खरी, पण कामाची.’

वेळेत पोचलो, अब्बा. सलमानं अम्मीचा हात धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. मुलगी झालीय. दोघी सुखरूप आहेत, अम्मी तिथेच राहिलीय.

म्हणून येताना मी एकटी होते. भीती गेलीय असं समजू नका. वडखळ ते नागोठणं बारीकसारीक आवाजाला कान देत होते. पुढे परत एक टँकर आला, परत पाय अडला. शेजारची सीट रिकामी. मग मीच मोठ्यानं म्हटलं, रेस दे गो.

तर आता वचन देते. त्या बॉनेटखाली पाण्याचा पाइप जाणार नाही, मग इमरान रुसला तरी चालेल. आवाज बदलला तर मी जेवणावरून उठेन. आणि अम्मी कधी छातीवर हात ठेवून ‘गॅस हाय’ म्हणाली, तर तिचं एक अक्षर ऐकणार नाही. याच गाडीत घालीन आणि तिसऱ्यात टाकीन.

तुमची,
नसीम