तेजूचे तीन जादा दिवस

मळा, दि. ६ मार्च २०२६

ति. लताताईस,
गोरक्षचा शि. सा. न.

आज शुक्रवार. सकाळी सृष्टीला लस द्यायला आरोग्य केंद्रात नेलं. अकरावा नंबर होता. थोडी रडली, आता झोपली आहे. फोनवर माझ्याने बोलवत नाही, म्हणून लिहितो.

तिथल्या सिस्टरांनी तेजूच्या मृत्यूच्या नोंदीचा कागद दाखवला. सृष्टी झाल्यावर चाळिसाव्या दिवशी, १८ फेब्रुवारीला तेजू गेली. कागदावर २१ आहे. मी म्हटलं, तारीख चुकली. त्या हळूच म्हणाल्या की चुकलेली नाही, बसवलेली आहे. बेचाळीस दिवसांच्या आत बाळंतीण गेली तर मातामृत्यू धरतात, चौकशी लागते. नंतर गेली तर नुसती एक बाई गेली. केंद्राला तीन वर्षं ‘शून्य मातामृत्यू’च्या बक्षिसाची ढाल मिळते आहे, यंदाची एप्रिलमध्ये आहे.

म्हणजे त्यांनी तेजूला तीन दिवस जादा जगवलं. पाय सुजलेले, धाप लागलेली, अशी ती दोनदा तिथे गेली होती. एवढी मेहनत तेव्हा घ्यायची होती. तेव्हा बाळंतिणीला थकवा असतोच म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या देऊन परत पाठवलं.

कागदाखाली सही माझीच आहे. सावडून आलो त्या दिवशी केंद्राच्या आशा कार्यकर्ती सुलाबाई कोरा फॉर्म घेऊन आल्या. मी न बघता सही केली. केंद्राचे डॉक्टरसाहेब म्हणतात, सही तुमची आहे, आता आम्ही काय करणार. मला वाटतं, चौकशी झाली तर पुढच्या बाईची सूज तरी कोणी बघेल. मी काय करू, ते कळव.

तुझा,
गोरक्ष


नाशिक रोड, दि. १० मार्च २०२६

चि. गोरक्ष यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझे दाजी म्हणाले, हा एवढं सलग आयुष्यात बोलला नव्हता. कोऱ्या कागदावर सही करणारा शिकलेला माणूस आमच्याच घरात निघायचा होता! दुःखात होतास, म्हणून एवढ्यावर सोडते.

आता डोकं चालव. दशक्रिया २७ तारखेला सायखेड्याच्या घाटावर झाली. पत्रिका तूच छापलीस. त्यांच्या कागदाने तो सातवा दिवस होतो. सातव्या दिवशी दहावा घालायला आपण काय गाडी पकडायच्या घाईत होतो? आणि श्रद्धांजलीची भाषणं विसरलास? सरपंचांनंतर माइक तुझ्या डॉक्टरसाहेबांनीच धरला. दहा दिवसांपूर्वी आपल्याला सोडून गेलेल्या भगिनी, असं म्हणाले. केंद्राने शर्थीचे प्रयत्न केले, असंही म्हणाले, तेव्हा माझ्या हातातली चप्पल मी कशी आवरली ते मला ठाऊक. दाजींना भाषणं मोबाइलवर घ्यायची खोड आहे. पहिल्यांदाच ती कामाला आली. व्हिडिओ पाठवते. तालुक्याला अर्ज दे. तुझ्याने बोलवलं नाही तर बोलू नकोस, साहेबच बोलतील.

सृष्टीला पापा. जेवत जा.

तुझी ताई


मळा, दि. २४ मार्च २०२६

ति. ताईस शि. सा. न.

गेल्या बुधवारी तालुक्याला जाऊन आलो. डॉक्टरसाहेब आणि सिस्टरही आले होते. तालुका आरोग्य अधिकारी मॅडमनी व्हिडिओ दोनदा पाहिला, दुसऱ्यांदा आवाज मोठा करून. डॉक्टरसाहेब म्हणाले, भाषणात दहा दिवस असं म्हणायची पद्धत असते. मॅडमनी विचारलं, मग सातव्या दिवशी दशक्रियेला गेलात तरी कसे? ते म्हणाले, बोलावणं आलं की जावं लागतं. मी पत्रिका टेबलावर ठेवली. तारीख १८ झाली.

मग चौकशी सुरू झाली. दोन्ही वेळा तेजूचा रक्तदाब का मोजला नाही, असं विचारल्यावर सिस्टर रडल्या. ढालीच्या तपासणीला नवं दिसावं म्हणून यंत्र खोक्यातच ठेवायला सांगितलं होतं, असं म्हणाल्या. साहेब खिडकीबाहेर बघत होते. त्यांना काही बोलायला हवं होतं का, ते कळत नाही.

आता यंत्र बाहेर काढलं आहे. शनिवारी पाय सुजलेली एक बाळंतीण आली, तिचा रक्तदाब फार निघाला. तासाभरात गाडीने नाशिकला पाठवली. आज सुलाबाई मुद्दाम सांगून गेल्या की ती बरी आहे. मी बरं म्हटलं.

तेजूची आई, कुसाबाई, सृष्टीला घेऊन शेजारी गेल्या आहेत. दाजींना नमस्कार. माझ्यावर माया आहेच, ती सृष्टीवरही ठेव. दुपटी भिजत घातली आहेत. ती धुवून दोरीवर टाकतो.

गोरक्ष