चारशे सतरा नंबरचा भात

तीर्थरूप ताई,

वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? तुमच्या मोक्पोला कोबी महागलाय म्हणे, तेव्हा किमची घातलीस की भाऊजींना नुसत्या मुळ्यावर ठेवलं आहेस? (त्यांना नमस्कार.) मी ठीक आहे, म्हणजे जिवंत आहे.

सप्पोरोला सहा वर्षं थंडीत तगणाऱ्या भाताचा अभ्यास करून मी परतलो, तेव्हा आमच्या भात संशोधन केंद्राचे साहेब म्हणाले होते, "डॉक्टर, पदवी भिंतीवर लावा. भात आपला आपण उगवतो." टेबल मिळालं ते खताच्या कोठीत. तिथे राहून आठ उन्हाळे मी चिमट्याने भाताच्या फुलांची लग्नं लावली. (माझं राहिलं, हे तू प्रत्येक पत्रात लिहितेसच.) यंदा ऑगस्टात असं गारठलं की सगळ्या खोऱ्यात लोंब्या पोचट राहिल्या. फक्त माझ्या चारशे सतरा नंबरच्या वाणाच्या दोन ओळी दाण्यांनी वाकल्या. शेजारच्या शेतातले प्योआजोबा बांधावर उकिडवे बसून एक लोंबी कितीतरी वेळ चोळत राहिले. "पुढच्या साली मूठभर मला दे रे," एवढंच म्हणाले. ताई, मी कोठीत जाऊन रडलो.

पीक झोडून पिशवीत भरलं. (पेरून उरलेलं बी उंदरांनी वसंतातच संपवलं होतं.) मग थंडीचं नुकसान बघायला प्रांताच्या कचेरीतून तीन अधिकारी आले. केंद्रात तांदूळ नव्हता. स्वयंपाकाच्या बांगकाकूंना पिशवी दिसली, त्यांनी ते सगळं कांडून शिजवलं. आणि ऐक, पंगतीला मीही होतो. दोन वाडगे खाल्ले. "काकू, आज भात झकास झालाय!" हे मीच म्हणालो. अधिकारी म्हणाले, "असा भात पिकतो, आणि म्हणे नुकसान!" पाहुणे गेल्यावर काकूंनी पिशवीवरची चिठ्ठी आणून दिली. "डॉक्टर, हे तुमचं होतं का?"

अहवालात आलं, खोऱ्यात नुकसान नाही. मदतीचं धान्य आलं नाही. मी कचेरीत जाऊन सगळं सांगितलं. कारकुनाने विचारलं, "भात याच खोऱ्यातला होता ना?" होता. काल प्योआजोबा घराला कडी घालून मुलाकडे कोळशाच्या खाणीवर गेले. जाताना म्हणाले, "माझी मूठ दुसऱ्या कोणाला तरी दे."

तुझा धाकटा,
उन-ग्यू

ता.क. आईला एवढंच सांग की माझा भात मोठमोठ्या अधिकाऱ्यांना फार आवडला. यात खोटं काही नाही.

पुन्हा ता.क. गेल्या साली तुला दाखवायला म्हणून पाकिटात चारशे सतराच्या तीन लोंब्या घातल्या होत्या. असतील तर ताबडतोब रजिस्टरने पाठव. कोंबड्यांना टाकल्या असशील, तर पेरणी होईपर्यंत मला पत्र लिहू नकोस.