दशहरीवरचे आठ चष्मेवाले

७ जानेवारी, मलिहाबाद
मावशीने वही दिली त्याला नऊ दिवस झाले. टाळत होतो लिहायचं. आज लिहितोय कारण काल...
काम केवढं? ती पुण्याच्या पक्षी-परिषदेहून येईपर्यंत कोपऱ्यातल्या दशहरी आंब्यावर झोपायला येणारे चष्मेवाले रोज मावळतीला मोजायचे, आकडा कळवायचा. आठ. अंगठ्याएवढे पक्षी, डोळ्यांभोवती चष्म्यासारखं पांढरं कडं. एका फांदीवर खेटून बसतात, पिसं फुगवून, चोच पाठीत खुपसून. कडेचे दोघे सारखे मधे घुसायला बघतात. मावशीने बजावलं होतं, "दिवसभर खाल्लेलं रात्रभर जाळतात रे. उठवलंस तर ते जळण फुकट. वीस पावलांवरून बघ."
काल कोहरा, म्हणजे इथलं दाट धुकं, मला हुडहुडी. वाटलं, यांचं काय होत असेल. फांदीखाली पानांची शेकोटी पेटवली. पानं दमट. धूर सरळ वर. आठही कोहऱ्यात उडाले. अंधार पडेपर्यंत चार परतले.
बागेचे राखणदार चच्चा बादली घेऊन धावले. "अमाँ भैया, सर्दी आपको लग रही थी, उन्हें नहीं. वो अपनी रजाई पहनकर आते हैं."
मावशीला कळवलं: ८.

८ जाने.
कानटोपी आणायला अमीनाबादच्या बाजारात. तासाचं काम, चार तास भटकलो. रजाई भरणारा कापूस पिंजत होता, बघत बसलो. म्हणाला, "गर्मी रूई में नहीं, बीच की हवा में है. दबी, तो गई." हसलो. मग चष्मेवाले आठवले. दमट कोहऱ्यात भरकटलेल्यांची पिसं चिकटली असतील तर?
बसने परत. चार. कळवलं ८.

९ जाने.
सकाळी गवतात एक. ताठ. तळहातावर ठेवला तर वजनच नाही. चच्चांना न दाखवता पुरला. थंडीनेही मरतात की. नाही?
मावशीचा फोन. "आठच ना? एवढ्या थंडीत एकही गळला नाही? उद्याच्या भाषणात सांगते."
हो म्हणालो. पुढे सांगणार होतो, पण म्हटलं रेंज जातेय. रेंज होती.

१० जाने.
मावशीचा मेसेज. सगळ्यांना नवल वाटलं म्हणे. एक सर तर विश्वासच ठेवेनात.
जेवण गेलं नाही. आज गारठा कालच्यापेक्षा जास्त.

११ जाने., मावळती
वीस पावलांवर उभा राहून लिहितोय. चार. आज नीट बघितलं. आठ असोत की चार, कडेला गार वाऱ्यात दोघेच. पण आठ होते तेव्हा मधे सहा असायचे. आता मधे दोनच.
मोबाइलवर लिहिलंय, "मावशी, चारच आहेत. आग मी लावली." बोट पुढे जात नाहीये.
फाटकाशी गाडी थांबली. चच्चांचा आवाज, "अरे डॉक्टर साहिबा! आप तो चार दिन बाद आने वाली थीं!"
मावशी. खांद्यावर बॅग तशीच. इकडेच येतेय, पाय न वाजवता. माझ्याकडे बघितलंही नाही. शेजारी येऊन थांबली, मान वर. ओठ हलतायत, मोजतेय