माझे केस कोण तोडतंय

२७ फेब्रुवारी २०२५, सकाळी ७
काल महाशिवरात्र. जाहीर अपमान. मंडळाच्या शिवविवाहात मी नऊ वर्षं महादेव करतो. सेनगावात मला क्लार्क म्हणून ओळखणारे थोडे, महादेव म्हणून ओळखणारे सगळे. काल ऐन तांडवात विग उडाला आणि तबलेवाल्याच्या मांडीवर जाऊन पडला. पब्लिक हसलं. पार्वतीही हसली.
विगला पिना कमी होत्या. पिना कोणी लावल्या? नचिकेतने. नचिकेत म्हणजे मंडळाचे मालक दत्तोपंत पुजारी, त्यांचा पुतण्या. वय तेवीस. महादेव व्हायची त्याला फार घाई आहे. नोंद घेतली.
संकल्प: पुढच्या वर्षी विग नाही. स्वतःचे केस, खांद्यापर्यंत. दाखवतोच.

३ मार्च
संपदाला संकल्प सांगितला. म्हणाली, काहून? लोक हसले म्हणून? मी म्हणालो, कलेसाठी. तीही हसली.
तिचे केस कमरेखाली जातात. बायको म्हणून कौतुक आहेच. पण एवढे कसे वाढले, हे तिने मला लग्नाला अठरा वर्षं होऊनही सांगितलेलं नाही.

१९ जुलै
केस कानाखाली. डोळ्यांवर येतात. ऑफिसातल्या फायलींचं रबर लावलं. चार वेढे, गच्च. सैल बांधलं की केसांना शिस्त राहत नाही.
साहेब म्हणाले, हे काय? म्हणालो, धार्मिक आहे. 

२२ जुलै
उशीवर अकरा केस. मुळासकट गळलेले असते तर समजू शकलो असतो. हे मधूनच तुटलेले. म्हणजे कोणीतरी तोडलेले.
माझ्याकडून काही कमी नाही. आंघोळ झाली की टॉवेलने खसाखसा पुसतो, ओले असतानाच बारीक फणीने शंभर वेळा विंचरतो, लगेच रबर. झोपतानाही काढत नाही. एवढी काळजी तर बायकाही घेत नसतील.

१० ऑगस्ट, रविवार
कटिंगच्या दुकानात गेलो. दाढीपुरता. भागवतने न विचारता सल्ला दिला. रबर काढा, कापडाची पट्टी सैल बांधा, ओल्या केसांना फणी लावू नका, मोठ्या दातांचा कंगवा घ्या. रबरानंच तुटून राहिले म्हणे.
विचार केला. मी केस वाढवल्याने नुकसान कोणाचं? भागवतचं. पाच महिने कटिंग नाही. असला माणूस माझ्या केसांचं भलं कशाला चिंतेल? रबराला पाचवा वेढा दिला.

९ सप्टेंबर
उशीवर सव्वीस. संशयित: १) बोअरचं पाणी. २) शाम्पू. बाटलीवरचा फोटो आणि आतला माल यांचा संबंध दिसत नाही. ३) तेल. संपदा त्यात जास्वंद उकळून राहिली. जास्वंदच आहे कशावरून?
पाणी बदललं. शाम्पू बदलला. तेल बंद. संपदा म्हणाली, सगळं बदलून राहिलात, ते रबर तेवढं बदला. ही भागवतला कधी भेटली?

२ नोव्हेंबर
मोठा शोध. न्हाणीघराच्या खुंटीला संपदाची पिशवी असते. विंचरताना आलेले केस ती त्यात टाकते. घरोघरी बायका टाकतात. मग जिवनबाई येते, केसांवर भांडी देते, केस घेऊन जाते, त्यांची गंगावनं वळून विकते. हे मला माहीत होतं. पण आज त्या पिशवीत मला आखूड केस सापडले. माझे!
म्हणजे माझे केस तुटले की घरात भांडी येतात. या दृष्टीने मी आजवर विचारच केला नव्हता.

१४ डिसेंबर, रविवार
दुपारी डोळा लागला होता. जाग आली तर संपदा माझ्या डोक्याभोवती दोरा धरून बसलेली. काय करतेस म्हणालो. म्हणाली, मच्छर व्हता.
दोऱ्याने मच्छर मारतात का? आणि दोऱ्याला गाठ मारून तिने तो पदराला बांधला. मी पुन्हा घोरण्याचं नाटक केलं.

४ जानेवारी २०२६
कपाळ मोठं दिसतंय. न्हाणीतला आरसा कोणीतरी वर टांगला असणार, त्यामुळे. संपदा म्हणते आरसा लग्नापासून तिथंच आहे.
रबराच्या जागी केसांना खाच पडली आहे. केस बळकट होताना असं होत असावं.

१७ जानेवारी
स्वयंपाकघरात तीन नव्या स्टीलच्या वाट्या. विचारलं. संक्रांतीचं वाण म्हणे, हळदीकुंकवाला मिळालं. एकदम तीन? म्हणाली, तीन घरी गेले व्हते.
गोष्ट जुळवून सांगायची तर अशी. मी त्या वाटीत आमटी घेतली नाही, इतकंच.

१ फेब्रुवारी, रविवार
पुरावा मिळाला. जिवनबाई आमच्या घरून निघाली, मी मागोमाग. भांड्यांची टोपली डोक्यावर आणि काखेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. ती थेट दत्तोपंतांच्या दारात गेली. फडकं घेतलं नचिकेतने. वारा आला, फडकं उडालं. आत जटा! भरदार, काळी, खऱ्या केसांची.
सगळं लख्ख झालं. संपदा केस तोडणार, जिवनबाई जटा बनवणार, पुतण्या महादेव होणार आणि मी टकला होऊन टाळ्या वाजवणार.
संध्याकाळी तालमीत सर्वांसमोर बोललो. दत्तोपंतांना बोललो, नचिकेतला बोललो. संपदालाही बोललो. माझ्या केसांवर तू वाट्या घेतल्यास, असं म्हणालो. ती शेवयांची खीर घेऊन आली होती सर्वांसाठी. पातेलं तिथंच ठेवून घरी गेली.
बोलल्यावर हलकं वाटायला पाहिजे होतं.

२ फेब्रुवारी
दत्तोपंतांनी निरोप पाठवला. यंदा महादेव नचिकेत करील. बघा, म्हणालो होतो की नाही? माझा अंदाज शंभर टक्के खरा ठरला.
मला नंदी. दरवर्षी नंदीत बसणाऱ्या मुंजाजीची कंबर आखडली आहे, म्हणून. नंदीच्या पोटात फवारणीचा पंप असतो, तिथून सलाईनची नळी महादेवाच्या जटेत जाते. नंदीने दांडा मारला की गंगा येते. नऊ वर्षं गंगा माझ्या डोक्यातून आली, आता माझ्या हातातून येणार.
संपदा जेवायला वाढते. बोलत नाही.

१४ फेब्रुवारी
प्लॅन ठरला. उद्या गंगेची वेळ आली की दांडा मारायचाच नाही. नचिकेत कोरडा उभा राहील. पब्लिक हसेल. मग कळेल महादेव कोण.

१६ फेब्रुवारी, सकाळी
काल प्रयोग झाला. लिहिणार नव्हतो, पण ही वही मीच वाचतो.
नंदीच्या नाकपुडीतून बाहेरचं दिसतं. पडद्यामागे नचिकेतच्या डोक्यावर जटा चढवत होते, ती घसरून कानावर येत होती. जिवनबाई (मला ती साहेब म्हणते) कुरकुरली, माप तर साहेबाच्या डोक्याचं हाय, बाईनं दोरा देला व्हता, या पोराला ढगळ व्हऊन राहिलं. दत्तोपंत म्हणाले, ज्याच्यासाठी केली तो नंदीत बसलाय, आता काय करता. जिवनबाई म्हणाली, वरचे केस सगळे बाईचे हायेत. सालभर जमा केले, एक भांडं घेतलं न्हाई. साहेबाचे आखूड, त्याची वेणी कशी व्हईल? ते आतमधी भरले.
मग संपदा आली. हातरुमालाची घडी करून जटेत कोंबली. नंदीकडे तिने पाहिलं नाही. मी आत आहे हे तिला माहीत होतं.
गंगेची वेळ आली. तबला सुरू झाला. नाकपुडीतून मला फक्त जटा दिसत होती, संपदाच्या केसांची, आणि ती डावीकडे सरकू लागली होती. दांडा जोरात मारला असता तर नळी उसळून जटा खाली आली असती. मारलाच नसता तर ती कोरडी राहिली असती. दोन्हीकडून पब्लिक पुन्हा हसलं असतं, तिच्या केसांना. मी दांडा हळू मारला. अगदी हळू, शेवटपर्यंत. गंगा बारीक आली, पण आली. जटा पडली नाही. लोक उभे राहून हात जोडत होते.
हळू मारायचं कारण एवढंच की आत हात हलवायला जागा नव्हती. आणि डोळ्यांत पाणी आलं ते गरमीने. मुंजाजीलाही येत असणार. त्याला विचारतो.

१६ फेब्रुवारी, दुपारी ४
भागवतकडे गेलो. रबर निघेना, कापावं लागलं. त्यात सतरा केस अडकलेले. भागवत काही बोलला नाही. फार सभ्य माणूस आहे, हे मी पूर्वीच ओळखायला हवं होतं.
सगळे कापून टाक म्हणालो. कापलेले त्याच्याकडून कागदात बांधून घेतले. घरी येऊन संपदासमोर पुडी ठेवली. रात्रीपासून जुळवलेलं वाक्य होतं, ते आठवेना. तिच्या पिशवीसाठी आणलेत, एवढंच म्हणालो.
तिने पुडी उघडली. बोटाने केस उकरून पाहिले. पंधरा दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, एवढ्यात वाटी न्हाई यायची.