वीस मिनिटांची स्लाइड

मंगळवार, १४ ऑक्टोबर, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे. मालकांच्या वडिलांची फोटोतली मिशी अक्षरांवरून बाजूला सरकवत होतो. ती सरकेना, म्हणून पत्र लिहायला घेतले.

तीर्थरूप मावशी,

तुला साष्टांग नमस्कार. (तीन दिवस संगणकापुढे वाकून पाठ धरली आहे, तेव्हा तो बसल्या बसल्याच घातला असे समज.) तुझे गुडघे कसे आहेत? काका कानाचे यंत्र लावतात, की ते अजून कपाटातच आहे? इकडचे ठीक आहे असे लिहिणार होतो, पण तुझ्याशी खोटे कशाला बोलू?

आमची लिफ्ट दुरुस्तीची कंपनी, तिथे मी सुटे भाग सांभाळतो, हे तुला ठाऊकच आहे. शाळा नववीत सुटली, पण माझे ऱ्हस्वदीर्घ चुकत नाही, एवढ्या एका गुणावर मालकांनी स्लाइड करायचे काम माझ्या गळ्यात घातले. हॉस्पिटलच्या दोन जुन्या लिफ्टच्या देखभालीचे तीन वर्षांचे काम निघाले आहे. ते मिळाले तर मी कायम. नाही मिळाले तर एक माणूस कमी करावा लागेल, असे मालक म्हणाले, आणि म्हणताना माझ्याकडेच बघत होते. (सर्वांत शेवटी लागलेला मीच.)

मी सहा स्लाइड केल्या होत्या. बऱ्या होत्या गं. एकीवर एकच गोष्ट, अक्षर मोठे, बाकी जागा मोकळी. पण आमच्याकडची रीत अशी, की बाहेर जाणारा कागद चार टेबलांवरून फिरतो, आणि प्रत्येकाने त्यात निदान एक भर घातल्याशिवाय त्याने तो वाचला असे धरतच नाहीत. नुसती सही केली की मालक विचारतात, "डोळे उघडे होते ना?" तेव्हा रोखपाल बाईंनी बारा अटी घातल्या. थोरल्या मिस्त्रींनी (त्यांना आम्ही उस्ताद म्हणतो) चाळीस वर्षांत काढलेला एकूण एक बिघाड सांगितला. मालकांच्या जावयांना अक्षरे एकेक करून डावीकडून उडत यायला हवी होती. शेवटी मालकांनी प्रत्येक स्लाइडवर आपल्या वडिलांचा फोटो टाकायला लावला. "मोठा कर रे, ओळखू तर येऊ दे," असे तीनदा म्हणाले. (तिथे त्यांना ओळखणारे कोण होते, देव जाणे.) सहाच्या एकतीस झाल्या. मजकूर मावेना म्हणून अक्षरे मुंगीएवढी केली. माझाही दोष आहे. मी एकही पूर्णविराम गाळला नाही.

काल हॉस्पिटलच्या सभागृहात मालकांनी लोकांकडे पाठ करून भिंतीवरचे वाचायला सुरुवात केली. अक्षरे उडत येत होती, मालक प्रत्येकाची वाट बघत होते. नवव्या स्लाइडला तिथल्या मेट्रन बाई म्हणाल्या, "लिफ्टमध्ये पेशंट अडकला तर तुम्ही किती वेळात येता, तेवढं सांगा."

मालक म्हणाले, "लिहिलंय बाई, इथंच आहे."

मग सगळे मिळून शोधू लागले. मालकांना सापडेना. जावई म्हणाले, ते अजून उडत यायचे आहे. मेट्रन बाई चष्मा लावून भिंतीशी गेल्या, तर त्यांचीच सावली मजकुरावर पडली. उत्तर मालकांच्या वडिलांच्या हनुवटीखाली होते, हे फक्त मला ठाऊक. न राहवून मी मागून ओरडलो, "वीस मिनिटं!"

"अहो, मग हेच लिहायचं होतं की!" बाई म्हणाल्या. "गुरुवारी या. एकच स्लाइड आणा."

मावशी, ती एक स्लाइड मी काल संध्याकाळीच केली. 'बोलावल्यापासून वीस मिनिटांत हजर', बस्स. भिंतीएवढे अक्षर. आज सकाळी ती चार टेबलांवरून फिरून आली. रोखपाल बाईंनी खाली 'अटी लागू' घातले, उस्तादांनी 'वीस'च्या आधी 'साधारणतः', जावयांनी एक फिरते घड्याळ आणि मालकांनी वडील. आता कुठे डोके आपटू?

तुझा आज्ञाधारक
भाचा

ता. क. : तरी उस्तादांचे 'साधारणतः' मी खोडणार होतो. पण खोडण्याआधी खात्री करावी म्हणून दुपारी त्यांना हत्यारांच्या पेटीसकट स्कूटरवर मागे बसवून कंपनीपासून हॉस्पिटलपर्यंत गेलो. अडतीस मिनिटे लागली. वीस हा आकडा कोणी काढला, असे विचारले तर सगळे माझ्याकडे बघतात. (मीच काढला होता. नकाशावर पट्टीने.)

ता. क. दुसरा : तुझे घर हॉस्पिटलच्या मागच्या भिंतीला लागून आहे. तुझ्या फाटकापासून लिफ्टपर्यंत उस्तादांना, मध्ये एकदा खोकायला थांबून, सहा मिनिटे लागली. आत आलो नाही, विचारायला तोंड नव्हते. तुझ्या जिन्याखाली एक पेटी, एक फोन आणि उस्ताद, एवढेच ठेवायचे आहे. तीनच वर्षे.

ता. क. तिसरा : पत्र आणणारे उस्तादच आहेत. पेटी जड आहे, आधी त्यांना बसू दे.